पावसाळ्यात होडी वर काढून ठेवताना: कमी खर्चात काय करावं आणि का

होडी दोन-तीन महिने बंद ठेवायची असेल तर काय करावं, हे शोधायला गेलं की बहुतेक सल्ला थंडीच्या देशांतला मिळतो. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं. गोठताना ते साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिनात राहिलेलं पाणी लोखंडी ब्लॉकलाही तडा देतं. म्हणून तिकडे इंजिनात अँटीफ्रीझ भरतात, अख्खी होडी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात आणि ज्यांना परवडतं ते शेडमध्ये जागा भाड्याने घेतात. ठाण्याच्या खाडीवर यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळणं तर आपल्या दमट हवेत चक्क नुकसानीचं. आपली होडी विश्रांतीला जाते ती पावसाळ्यात, आणि तिला खातं ते पोटात साचून राहिलेलं पावसाचं पाणी. पाणी आत थांबू द्यायचं नाही आणि हवा आत खेळती ठेवायची, एवढ्या दोन गोष्टींवर पैसा आणि मेहनत लावली तर बाकी बराच खर्च टाळता येतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारी बंद असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ आणि समुद्रही खवळलेला, अशी दोन्ही कारणं त्यामागे आहेत. बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नाही, त्यामुळे खाडीत वल्ह्यावर चालणारी एखादी होडी भर पावसातही दिसते. पण दिवाळे, सारसोळे, करावे, वाशी, घणसोली, इकडे चेंदणी, कोलशेत, आणि खुल्या समुद्रावरचं उत्तन, सगळीकडे या दिवसांत होड्या वर येतात. अनेक घरांत बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. ती पौर्णिमा २०२३ साली ३० ऑगस्टला होती आणि २०२५ साली ८ ऑगस्टला. म्हणजे कधी सव्वादोन, तर कधी तीन महिन्यांची तयारी धरून चालावं लागतं.

पावसाचं पाणी एवढं वाईट का?

आधी वजन बघू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते एक लिटर पाणी होतं. सहा मीटर लांब आणि सरासरी दीड मीटर रुंद होडी म्हणजे नऊ चौरस मीटरचं उघडं तोंड. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो ठाणे-नवी मुंबईत दर पावसाळ्यात काही वेळा होतोच, तर होडीत ९०० लिटर पाणी येतं. जवळजवळ एक टन. पाण्यात तरंगणाऱ्या होडीला बाहेरून सगळीकडून सारखा आधार असतो. जमिनीवर दोन-तीन ठोकळ्यांवर बसवलेल्या होडीला तो नसतो. मग हे एक टन वजन थेट त्या ठोकळ्यांच्या जागी तळाला दाबतं. लाकडाचे सांधे सैल होतात, फायबरला आतून बारीक चिरा जातात आणि त्या होडी पाण्यात उतरवल्यावरच कळतात.

दुसरं कारण कुजण्याचं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा, हवा आणि ऊब लागते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. खारं पाणी मुरलेल्या लाकडातही तिची वाढ मंदावते, म्हणून रोज खाडीत असलेली होडी वर्षानुवर्षं टिकते. तीच होडी किनाऱ्यावर ठेवली आणि तिच्यात पावसाचं गोडं पाणी मुरलं की मीठ धुऊन जातं. वर जुलैची पंचवीस-तीस अंशांची ऊब. याहून सोयीची हवा बुरशीला कुठे मिळणार? म्हणून लाकडी होडी जास्त करून सुट्टीच्या काळात कुजते आणि कुजायला लागते ती आतून, वाकांच्या बेचक्यात आणि पठाणाच्या वरच्या बाजूला, जिथे कचऱ्याने पाण्याची वाट अडलेली असते. ज्यांना शब्द नवे असतील त्यांच्यासाठी: पठाण म्हणजे तळाचा मधला कणा आणि वाक म्हणजे होडीच्या बरगड्या.

वर काढायचा दिवस

होडी ओढण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे उधाणाची भरती. अमावास्या आणि पौर्णिमेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वात वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते तेवढं चढत नाही. उधाणाच्या भरतीवर होडी तरंगत जितकी आत नेता येईल तितकं ओढण्याचं अंतर कमी होतं, आणि मजुरी किंवा क्रेनचा खर्च या अंतरावरच असतो.

वेळ काढायचा जुना हिशोब आजही कामाचा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे मुंबईच्या बंदरातली भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. द्वितीयेला दीड. अष्टमीला सहा. पुढची भरती त्यानंतर साडेबारा तासांच्या आसपास. हा अंदाज आहे, आणि खाडीत आत, वाशीच्या पुलापलीकडे आणि चेंदणीकडे पाणी पोहोचायला आणखी वेळ लागतो. अचूक वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी, पण कुठल्या आठवड्यात माणसं गोळा करायची हे या हिशोबाने कॅलेंडरवरूनच ठरतं.

मेमधलं शेवटचं उधाण धरणं शहाणपणाचं. हवामान खात्याच्या सरासरीनुसार मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनला येतो, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन धडकला होता. झाकणाचं सामान तोवर घरात आणलेलं असावं.

क्रेन लागणारच असेल तर एकट्याने बोलावू नये. हायड्रा क्रेन तासाच्या किंवा पाळीच्या दराने येते, येण्या-जाण्याचा वेळही त्यातच धरला जातो. एका होडीसाठी बोलावली काय किंवा पाच होड्यांसाठी, तो वेळ तेवढाच. मच्छीमार सोसायटीने एकच दिवस ठरवला तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम खूपच कमी होते. उचलताना बारीक दोर किंवा साखळी थेट होडीला लावू नका. रुंद पट्टे दोन ठिकाणी घाला आणि काठावर जुन्या टायरचे तुकडे ठेवा. क्रेन नको असेल तर गोल ओंडके, चेन पुली आणि दहा माणसं हा मार्ग आहेच, आणि कोळीवाड्यात तो अजून चालतो.

होडी वर आली की त्याच दिवशी तळ खरवडून घ्यावा. बुडाला चिकटलेली कालवं आणि बारनॅकल ओली असताना पत्र्याने सहज निघतात. दोन दिवस उन्हात वाळली की त्यांचं कवच दगडासारखं घट्ट बसतं, मग छिन्नी लागते आणि तिच्यासोबत रंग आणि लाकूडही निघतं.

जागा कुठली? किनाऱ्यावर कचऱ्याची जी सर्वात वरची रेघ दिसते तिच्याही वर. जून ते सप्टेंबरात मुंबईच्या किनाऱ्यावर साडेचार मीटरच्या वर जाणाऱ्या भरत्या बऱ्याच असतात, त्यातल्या मोठ्या पाच मीटरच्या जवळ जातात, आणि मुंबई महापालिका त्या दिवसांची यादी आधीच जाहीर करते. अशा भरतीच्या वेळी जोराचा पाऊस असला तर नाल्याचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही आणि उलटं पसरतं. हे पाणी ठोकळ्यांवरच्या होडीखाली आलं की होडी थोडी उचलली जाते, सरकते, आणि ओसरताना ठोकळ्याच्या कडेवर आपटून बसते. म्हणून जमिनीवर असलेली होडीसुद्धा नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, आणि मागून पक्क्या खुंटाला बांधलेली हवी.

जागेसाठी तिवरं तोडू नका, त्यांच्यात भराव टाकू नका. कायद्याने तर ते बंदच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांची नासधूस राज्यभर रोखणारा निकाल दिला. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की वादळात लाट मोडणारी भिंत तीच आहे आणि कोळंबी, निवटी, चिंबोऱ्या वाढतात त्याही तिच्याच मुळांत. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण होड्या ओढायच्या जुन्या जागा मात्र रस्ते आणि भरावांमुळे आक्रसत चालल्या आहेत, हे किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस बघतो आहे. होडी लावायला मोकळी जागा राहणं हा कोळीवाड्याचा हक्क आहे आणि तो गावकीने मिळून, कागदावर मागायला हवा.

बसवणं: इथे घाई नको

लहान, दोघांना उचलता येईल अशी होडी असेल तर दोन ओंडक्यांवर ती उपडी घाला, वितभर उंच, म्हणजे खालून वारा जाईल. काम संपलं. ताडपत्रीही लागत नाही.

मोठ्या होडीचं वजन पठाणावर पेलायचं असतं. बाजूचे टेकू फक्त होडी कलंडू नये म्हणून असतात. नेमकी इथेच गल्लत होते. टेकू ठोकून इतके घट्ट बसवले जातात की सगळा भार फळ्यांवर किंवा फायबरच्या पातळ बाजूवर येतो आणि ती आत दबते. पठाणाखाली तीन ते चार जागी रुंद लाकडी ठोकळे द्या, होडी मोठी असेल तर जास्त. बाजूला ट्रकचे जुने टायर लावा. तुर्भे-वाशीकडच्या टायरवाल्यांकडे ते अगदी थोडक्या पैशांत मिळतात. वाळूची पोतीही चालतात, पण खाली माती असेल तर पावसात ती पोत्यासकट खचते, म्हणून ठोकळ्याखाली फरशीचे किंवा काँक्रीटचे तुकडे टाका आणि आठवड्याला एकदा हाताने हलवून बघा.

आता उतार. मागच्या बाजूला पाणी सोडायचं बूच असेल तर नाळ उंच ठेवा, एवढी की आत ओतलेली बादली आपोआप बुचाकडे धावेल. खरंच बादली ओतून बघा. पाणी कुठे अडतं, कुठल्या वाकापाशी थांबतं, हे डोळ्यांनी दिसतं. वाकांच्या खाली पाणी जायला जी छोटी भोकं ठेवलेली असतात ती खवले, जाळ्याचे तुकडे आणि चिखलाने बुजलेली असतात. तारेने ती मोकळी करायला अर्धा तास लागतो आणि माझ्या मते सबंध पावसाळ्यातलं हे सगळ्यात कमाईचं काम आहे. शेवटी पुन्हा एक बादली ओता. ती पूर्ण बाहेर आली की बूच काढून जवळच दोरीने बांधून ठेवा. भोकावर जाळीचा तुकडा लावा, नाहीतर पाला अडकतो आणि उंदीर शिरतात. बूच नसलेल्या जुन्या लाकडी होडीला एक कोपरा मुद्दाम खाली ठेवून तिथलं पाणी उसपत राहण्याला पर्याय नाही.

झाकण

ताडपत्री होडीवर सपाट टाकली की तिच्यात पाण्याची झोळी होते. ती झोळी फाटते किंवा काठ खाली दाबते. म्हणून आधी मधोमध लांबीभर एक बांबू उंच बांधायचा, त्याला आडवे बांबू, आणि वरून झाकण दोन्ही बाजूंना घराच्या कौलांसारखं उतरतं ठेवायचं. काठापासून हातभर तरी खाली येऊ द्या, पण तळापर्यंत नेऊ नका. पुढे आणि मागे त्रिकोणी तोंडं उघडी राहिली पाहिजेत. वारा तिथून आत जातो आणि ओलावा घेऊन बाहेर पडतो. चारही बाजूंनी बंद केलेल्या होडीत पाऊस जात नाही हे खरं, पण जमिनीतून वाफेसारखा चढणारा ओलावा आतच अडकतो आणि आठ दिवसांत फळ्यांवर पांढरी बुरशी दिसते.

पैसे वाचवायचे तर फ्लेक्सचे जुने बॅनर बघा. वाढदिवस, सण, निवडणुका झाल्या की ते ढिगाने उतरतात. कापड जाड, पाणी अजिबात न झिरपणारं. जोड असेल तर वरचा तुकडा खालच्यावर हातभर चढवा, छपराला करतो तसं. छापील बाजू खाली ठेवली तर रंग होडीला लागतो, ती वर ठेवा. ताडपत्री घेणार असाल तर कड्यांपाशी दुमडून शिवलेली घ्या, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते. दोरी कडीतून थेट ओढण्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाला. वाऱ्याचा झटका ट्यूब झेलते आणि कडी वाचते. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, शक्य असेल तर नाळ तिकडे करा.

टायरमध्ये आणि झाकणाच्या सुरकुत्यांत पाणी साचलं की त्यात डासांची पैदास होते. टायरला खालून भोकं पाडा. डेंग्यू आपल्याच वस्तीत पसरतो, त्यामुळे हे महापालिकेच्या नोटिशीची वाट न बघता करावं.

लाकूड आणि फायबर

लाकडी होडीला दोन उलट धोके आहेत. मेच्या उन्हात ती इतकी सुकते की फळ्यांचे सांधे उघडतात, आणि जूननंतर ती भिजून कुजते. म्हणून वर काढल्यापासूनच सावली हवी. पाऊस यायला वेळ असेल तरी झाकण घालून टाका, बाजूंवर ओली पोती टाका. सांध्यांत ठासलेलं सूत सुटलं असेल तर ते आताच लिहून किंवा खडूने खूण करून ठेवा. भरायचं काम मात्र होडी कोरडी असताना, राळ-तेल लावून करायचं. आतली बाजू तेल पाजायलाही हाच वेळ. कुजकं लाकूड ओळखायला साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो: टोक दाबलं आणि ते न कुरकुरता आत गेलं, तर तो भाग गेला. पठाणाच्या कडेने, खिळ्यांभोवती आणि इंजिनाच्या पायाखाली असं दाबत जा. खिळ्याभोवती काळा डाग दिसला तर तो खिळा गंजतो आहे.

फायबर कुजत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. वरचा चकचकीत थर उन्हाने खडूसारखा होतो, त्याला चीर गेली की पाणी आतल्या काचेच्या धाग्यांपर्यंत पोचतं आणि तिथे फोड धरतात. तळावर बोटाच्या पेराने टकटक करत जा. टणक आवाज हवा. मध्येच बोदा, पोकळ आवाज आला तर तिथे थर सुटले आहेत. ती जागा घासून पावसाळाभर कोरडी राहू द्या आणि मगच भरा. ओल्यावर राळ आणि काचधाग्यांची मॅट चढवली तर सगळे पैसे वाया. बंद कप्प्यांची झाकणंही उघडी ठेवा, सगळ्यात जास्त पाणी तिथेच दडून बसतं.

बुडाला शिपल्या धरू नयेत म्हणून लावायचा रंग मात्र आता लावू नका. त्यातले बरेच साधे प्रकार हवेत महिनोन्‌महिने राहिले की कमजोर होतात. महागाचा डबा आहे. तो श्रावणातल्या उघडिपीत, होडी लोटायच्या जरा आधी लावला तर पूर्ण उपयोगी पडतो.

इंजिन

बाहेर टांगायचं इंजिन असेल तर ते काढून घरी न्या. चोरीचाही प्रश्न मिटतो. नेण्याआधी ड्रममध्ये गोडं पाणी भरून त्यात इंजिन बुडवून दहा-पंधरा मिनिटं चालवा, मीठ निघून जातं. कोरडं कधीही चालवू नका, आतल्या पंपाचं रबरी चाक काही क्षणांत जळतं. नंतर इंधनाची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं. दोन महिने टाकीत पडलेलं असं पेट्रोल इंजिन सुरू होऊ देत नाही. उरलेलं स्कूटरमध्ये वापरून टाका, मात्र टू-स्ट्रोकचं तेल मिसळलेलं असेल तर नाही. प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी दोन-चारदा हळू ओढा, प्लग परत बसवा. इंजिन उभं ठेवा. खालच्या गिअरचं तेल दुधट दिसलं तर सीलमधून पाणी गेलं आहे. तेल आत्ताच बदला, कारण ते पाणी पावसाळाभर दातऱ्यांवर गंज धरत बसेल.

होडीतलं डिझेल इंजिन असेल तर उलट, टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या जागेतल्या हवेतून पाणी सुटतं आणि डिझेलखाली जमतं. तेल बदला, थंड करायच्या पंपातलं खारं पाणी सोडून द्या, आणि सायलेन्सरच्या नळीवर एक रिकामा डबा उपडा घाला. बॅटरी घरी आणून महिन्याला एकदा चार्ज करा.

पाण्यातच ठेवावी लागली तर

वर काढायला जागा नसेल तर निदान खाडीच्या आडोशाला, दोन नांगरांवर ठेवा. दोर एवढा लांब हवा की मोठ्या भरतीलाही नांगर उचलला जाणार नाही. दोर काठाला घासतो तिथे पाण्याच्या जुन्या पाइपचा तुकडा चिरून चढवा. पाऊस मोठा झाला की त्याच दिवशी पाणी उसपायला माणूस गेला पाहिजे. हे जमणार नसेल तर होडी पाण्यात ठेवू नका.

लोटताना लाकडी होडीला पहिल्याच दिवशी कामाला लावू नये. दोन-तीन दिवस धक्क्यालगत बांधून ठेवा, पाणी उसपत राहा. फळ्या फुगतात, सांधे मिटतात, आत येणारं पाणी दर भरतीला कमी होत जातं. ते थांबल्यावर जाळी चढवा.